हात लागतो तिथे

मराठीत नव्या साडीची घडी मोडतात. पहिल्यांदा साडी नेसण्यासाठी भाषेनं क्रियापद निवडलं ते मोडण्याचं. वस्तू उपभोगायची तर तिच्यातलं काहीतरी मोडणार, हे या दोन शब्दांत मान्य करून टाकलेलं आहे. त्यात कुरकुर नाही. उलट आपली नवी साडी जवळच्या बाईपुढे धरून ‘तूच घडी मोड’ म्हणण्यात माया असते.

गाडीच्या बाबतीत आपली भाषा इतकी मोकळी नाही. गाडीला हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो आणि सीटवरचं कारखान्यातलं प्लॅस्टिक तसंच ठेवून उन्हाळाभर त्याच्यावर घाम गाळत बसतो. प्लॅस्टिक काढलं की त्याच्यावर कापडी कव्हर, कव्हरावर टॉवेल. मूळ सीट कशी आहे ते गाडी विकताना पुढच्या मालकाला कळतं.

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या भावानं एक स्पोर्ट्स कार घेतली आणि हा विषय आमच्या घरात काही महिने चालला. दादाचा भोसरीला लहानसा कारखाना आहे, लेथ आणि मिलिंगची कामं. गाडी सतरा वर्षांची, दोन आसनी, युरोपातून आलेली. कुठल्या कंपनीची ते सांगण्यात अर्थ नाही. मुंबईच्या पहिल्या मालकानं ती फार जपली होती. तळघरातल्या पार्किंगमध्ये, कव्हर घालून. इतक्या वर्षांत ती फक्त ३१ हजार किलोमीटर चालली होती. बाहेरून रंग आरशासारखा. आत मात्र बटणं, दाराच्या मुठी, एसीच्या जाळ्या, सगळं चिकट झालं होतं.

त्याचं कारण साधं रसायनशास्त्र आहे. १९९०च्या दशकापासून पुष्कळ युरोपीय गाड्यांमध्ये कडक प्लॅस्टिकवर पॉलियुरेथेनचा एक मऊ थर देण्याची पद्धत आली. स्वस्त प्लॅस्टिक बोटांना मखमली लागावं, हा हेतू. पण उष्णता आणि दमटपणा यांच्या संगतीत त्या थरातले बंध पाण्याच्या रेणूंमुळे तुटत जातात आणि मखमलीचा काकवी लावल्यासारखा चिकटा होतो. गाडी चालवा की कव्हरखाली ठेवा, त्याला फरक पडत नाही. मुंबईची हवा कव्हराच्या आतही असतेच.

दादा आठवडाभर ती गाडी चालवत होता. त्याला काही चिकट लागलं नाही. पहिल्यांदा वहिनी बसली, तिनं काच खाली करायचं बटण दाबलं आणि हात झटकून म्हणाली, “अगं बाई, हे काय लावलंय याला?”

मग दादानं आपली बोटं तिथे पुन्हा टेकवली. काही कळलं नाही, असं त्यानं मला फोनवर सांगितलं. अगदी सहज, हवामान सांगावं तसं.

दोन वर्षांपूर्वी त्याला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया झाली, मग केमोथेरपी. त्यातलं एक औषध होतं ऑक्झॅलिप्लॅटिन. नावातच प्लॅटिनम आहे, आणि औषधातही तो धातू खरोखरच असतो. पेशींच्या डीएनएला चिकटून तो त्यांची वाढ रोखतो आणि जाता जाता हातापायांच्या नसांनाही इजा करतो. उपचार सुरू असताना थंड वस्तूला हात लागला की सुया टोचल्यासारखं व्हायचं. फ्रिजमधली बाटली काढायला वहिनी त्याला हातमोजे द्यायची. तो भाग हळूहळू सरला. बोटांच्या टोकांचा बधिरपणा राहिला. पायाला तो जाणवण्याइतका नाही, हे तपासूनच डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली होती. बोटांच्या पेरांबद्दल मात्र ते एवढंच म्हणाले की वाट बघा, काहींचं सुधारतं.

तीस वर्षं लेथवर काम केलेल्या माणसाची बोटं म्हणजे त्याचं मोजमापाचं यंत्र. पूर्वी दादा पृष्ठभागावरून नख फिरवून सांगायचा की या पीसला अजून एक हात हवा.

तर गाडीचा आतला भाग नव्यानं करायचं ठरलं आणि त्यानं मला पुण्याला बोलावून घेतलं. मी बंगळूरला असते, अनुवाद करते. त्याचं म्हणणं असं की, “तू दिवसभर एक शब्द काढून तिथे दुसरा बसवतेस. इथे काय काढून काय बसवायचं ते सांग.”

मी आधी शब्दांकडेच गेले. इंग्रजीत ‘फिनिश’ म्हणजे शेवट आणि ‘फिनिश’ म्हणजे वरचा थर. तो दिला की वस्तू पूर्ण झाली, कारागिराचं काम संपलं. मराठीत या थराला ज्या नावांनी ओळखतात ती अशी: झिलई, रोगण, तकाकी, पुट, कल्हई. यांतलं एकही संपल्याची ग्वाही देत नाही. झिलई उतरते, रोगण उडतं, तकाकी जाते. पुट चढवायचं ते एकावर एक. कल्हई तर पुन्हा करायचीच असते, आणि म्हणून कल्हईवाला पुन्हा यायचाच असतो. हे सगळं दादाला सांगितल्यावर तो म्हणाला, “बरं. म्हणजे आता काय बसवायचं?”

सीटचं काम करणाऱ्या चाचांचं दुकान पत्र्याच्या शेडमध्ये. एका भिंतीला शिलाईची दोन जाड यंत्रं, दुसरीला नमुन्यांच्या थप्प्या. त्यांनी आमच्यासमोर तुकडे मांडायला सुरुवात केली. दादा प्रत्येक तुकडा अंगठ्यानं घासून बघायचा आणि बाजूला ठेवायचा. चाचांनी दोन-तीनदा ते पाहिलं. मग विचारपूस न करता एवढंच म्हणाले, “उँगली छोड़ो साहब, हथेली से देखो.” तळव्याला पुष्कळ कळत होतं. तिथून खरी निवड सुरू झाली.

चामड्यात मुख्य भेद दोन. ॲनिलिन चामडं रंगात भिजवलेलं असतं, त्याची रंध्रं उघडी दिसतात. स्पर्श फार सुंदर, पण तेलाचा थेंब, घाम, ऊन, सगळं ते मनाला लावून घेतं. दुसरं रंगद्रव्याचा थर दिलेलं. ते थोडं परकं लागतं, पण टिकतं. स्पोर्ट्स कारमध्ये हा भेद पुस्तकी राहत नाही, कारण अशा गाडीत माणूस बसत नाही, उतरतो. सीट जमिनीलगत, तिच्या दोन्ही कडा उंच, वळणावर शरीर धरून ठेवण्यासाठी. आत शिरताना आणि बाहेर पडताना दर वेळी आपण दाराकडच्या कडेवरून घसरतो. जीन्सच्या खिशाचे रिवेट तिथेच घासतात. फिकट चामडं असेल तर जीन्सची निळाई त्याला लागते आणि पुसून जात नाही. जुनी स्पोर्ट्स कार किती वापरली ते किलोमीटरच्या आकड्याआधी ही एक कड सांगते. आम्ही कडांना थर दिलेलं गडद तपकिरी चामडं निवडलं.

मधल्या भागाला कापड घ्यावं असं माझं म्हणणं होतं. पुण्याच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीतल्या चामड्यावर जो बसला आहे त्याला कारण सांगावं लागणार नाही. आणि कापड म्हणजे तडजोड असंही नाही. साठच्या दशकात पोर्शेच्या ९११मध्ये काळ्यापांढऱ्या बारीक चौकड्यांचं ‘पेपिता’ कापड मिळायचं. १९७६च्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयमधलं प्रसिद्ध चौकड्याचं कापड गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या स्त्रीनं निवडलं होतं, आणि त्या मूळच्या चिनी मातीच्या भांड्यांवर रंगकाम करणाऱ्या. वेगवान गाडीच्या सीटला ब्रिटिश लोकरी कापडाची चौकड शोभेल, हे त्यांना दिसलं. दादाला चौकड आवडली ती मात्र वेगळ्या कारणानं. जाड विणीचं कापड तळव्याला सांगतं की इथे उभा धागा, इथे आडवा.

मग अल्कांतारा. हरणाच्या मऊ कातड्यासारखं लागणारं हे कापड प्रत्यक्षात ६८ टक्के पॉलिएस्टर आणि ३२ टक्के पॉलियुरेथेन असतं. १९७० साली जपानच्या तोरे कंपनीतल्या मियोशी ओकामोतो यांनी ते तयार केलं आणि १९७२पासून इटलीतल्या कंपनीनं ते अल्कांतारा या नावानं पुढे नेलं. या नावाचं मूळ अरबी ‘अल्-कंतरा’मध्ये, म्हणजे पूल. माझ्या व्यवसायातल्या कुणालाही ते कापड याच कारणासाठी आवडेल. शर्यतीच्या गाड्यांत ते येतं त्याची कारणं व्यावहारिक आहेत. हात घसरत नाही, वजन कमी आणि डॅशबोर्डवर लावलं तर समोरच्या काचेत प्रतिबिंब पडत नाही. पण हाताचं तेल त्याच्या लवेत बसतं, लव चेपते आणि गोळे होतात. वेळच्या वेळी ओलसर फडक्यानं पुसून मऊ ब्रशनं लव उभी करावी लागते. आम्ही ते डॅशबोर्डच्या वरच्या भागाला घेतलं, काळं. स्टीअरिंगला नाही. दादाच्या बोटांना त्याची लव कळत नव्हती.

स्टीअरिंगला साधं, मऊ चामडं आणि आतल्या बाजूनं जाड धाग्याची उठावदार शिवण. तो टाका त्याच्या अंगठ्याला कळत होता. चाचांनी तीन जाडीचे धागे शिवून दाखवले, दादानं डोळे मिटून सर्वांत जाड निवडला.

कार्बन फायबरला त्यानं क्षणात नकार दिला. गाड्यांच्या आत दिसणारा कार्बन पुष्कळदा दुसऱ्या तुकड्यावर चिकटवलेला एक पातळ थर असतो, वर पारदर्शक लेप. ऊन लागून तो लेप पिवळट पडतो. पण दादाचा आक्षेप टिकाऊपणाचा नव्हता. “ज्याच्यावर भार नाही तो कार्बन म्हणजे सोंग,” असं तो म्हणाला.

मूळ गिअरची मूठ ॲल्युमिनियमची होती. देखणी, आणि उन्हात चटका देणारी. एसीत ती गार पडली की दादा अजूनही हात आखडता घेतो. टोचत नाही आता, पण हाताला आठवण आहे. ती मूठ त्यानं काढून कागदात गुंडाळून ठेवली. टिंबर मार्केटमधून शिसवीचा तुकडा आणला, कारखान्यातल्या लेथवर स्वतः मूठ कातली, आत आट्यांचा पितळी बुश बसवला. वरून लॅकर दिलं नाही. जवसाच्या तेलाचे हात दिले, दोन हातांमध्ये एकेक दिवस सोडून. लॅकर दिलं तर हाताला लॅकर लागतं, लाकूड लागत नाही, हे त्याचं कारण.

राहिला मधला पट्टा, काळा चकचकीत, ज्याला पियानो ब्लॅक म्हणतात. या चकाकीचा वंश जपानी लाखकामापर्यंत जातो. युरोपनं त्या कामाची नक्कल करायला घेतली तेव्हा त्या क्रियेला इंग्रजीत देशाचंच नाव पडलं, ‘जपॅनिंग’. तानिझाकी यांनी १९३३च्या सुमाराच्या आपल्या निबंधात सांगितलं आहे की काळ्या लाखेची भांडी अंधुक प्रकाशासाठीच असतात, मेणबत्तीच्या उजेडात ती उमलतात. तोच काळा रंग आपण काचेखाली, भर उन्हात, धुळीच्या रस्त्यावर आणून ठेवला आहे. त्यावर प्रत्येक बोट उमटतं. धूळ पुसायला कोरडं फडकं फिरवलं की धुळीचेच कण ओरखडे काढतात. म्हणजे हा एकच पृष्ठभाग असा की जो काळजी घेण्यानंच खराब होतो.

इथपर्यंत सगळं सुरळीत झालं. मग आवरणाचा प्रश्न आला.

गाडीच्या रंगावर पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म लावतात. व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरची पाती वाळूनं झिजू नयेत म्हणून वापरलेल्या फिल्मची ही नात. बारीक ओरखडा पडला तर उष्णतेनं ती पुन्हा सपाट होते. आता ती गाडीच्या आतही लावतात: पडद्यावर, पट्ट्यावर, दाराच्या उंबरठ्यावर, लाकडावर. शिवाय चामड्यावर देण्याचे लेप असतात. वहिनीनं सगळ्याचा दर काढून आणला होता.

“सगळं झाकून घेऊ,” ती म्हणाली. “उद्या विकायची वेळ आली तर?”

कोणी काही बोललं नाही. ही वेळ का येईल, हे त्या खोलीत तिघांनाही माहीत होतं. दर सहा महिन्यांनी त्याची तपासणी असते. त्या आठवड्यात वहिनी जेवत नाही नीट.

मी तिच्याशी वाद घातला, आणि तो मला सुचला तसा घातला. म्हटलं, जो माणूस आपण कधी पाहणार नाही त्याच्यासाठी आपण आपल्याच वस्तूला हात लावायचा नाही, असा हा व्यवहार आहे. फिल्म लावली की दादाच्या हाताला जे थोडं कळतं तेही फिल्मचंच कळणार. आणि माझ्या आजीचं उदाहरण दिलं, तिची पैठणी ट्रंकेत ठेवून ठेवून घडीवरच चिरली.

वहिनी शांतपणे म्हणाली, “ती नाही चिरली. चिरायला लागली होती. आता माझ्याकडे आहे. दर तीन-चार महिन्यांनी मी ती उलगडते, वारा देते आणि दुसऱ्या बाजूनं घडी घालते, जरीवर पुन्हा तिथेच मोड पडू नये म्हणून. तुला काय वाटलं, जपणं म्हणजे कुलूप लावणं?”

नंतर दादाला ती म्हणाली, “मला गाडीचे पैसे नकोत. पण मुलीचं शिक्षण राहिलंय. मला काहीतरी हातात हवंय.”

दादा म्हणाला, “विकायची झाली तर तूच विकणार. मग काय झाकायचं ते तूच सांग. फक्त मी जिथे हात लावतो ते सोड.”

त्या रात्री दोघांनी वहीत दोन रकाने केले. दाराचे उंबरठे, जिथे बूट लागतो: फिल्म. काळा पट्टा आणि पडदा: फिल्म. सीटच्या कडा: लेप, आणि दर दोन महिन्यांनी सौम्य क्लीनर. स्टीअरिंग, गिअरची मूठ, सीटचं कापड: काही नाही. डॅशबोर्डसाठी काचेला लावायचा चंदेरी पडदा, कारण उन्हावर सावलीइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. पावसाळ्यात गाडी आठ दिवसांपेक्षा जास्त बंद ठेवायची नाही. दार उघडून हवा द्यायची, नाहीतर चामड्याला बुरशी येते. सॅनिटायझर लावल्या लावल्या स्टीअरिंग धरायचं नाही, अल्कोहोलनं रंगाचा थर सुटतो. हात वाळू द्यायचा.

ती वही वाचताना मला कळलं की मी ज्याला आवरण विरुद्ध वापर समजत होते तो खरा भेदच नव्हता. मुंबईच्या त्या मालकानं गाडीला हात लावला नाही आणि तिच्या आतलं सगळं पाझरून गेलं. वहिनीच्या यादीतली प्रत्येक ओळ म्हणजे एक हात होती: पुसणं, उघडणं, उलगडणं, वारा देणं. झाकून ठेवणं एकदाच करता येतं. जपणं पुन्हा पुन्हा करावं लागतं, आणि ते करायला कुणीतरी तिथे असावं लागतं. वहिनीच्या मागणीत तोही अर्थ असावा.

आणखी एक गोष्ट घडली, ती कोणी ठरवली नव्हती. दादाच्या फिजिओथेरपिस्टनं त्याला बोटांसाठी व्यायाम दिला होता: डोळे मिटून वेगवेगळे पोत घासायचे, सँडपेपर, मखमल, सुती फडकं, वाटीभर तांदूळ. काय लागलं ते ओळखायचं, मग उघड्या डोळ्यांनी ताडून बघायचं. तांदळाचा त्याला कंटाळा यायचा. चाचांनी उरलेले सगळे तुकडे पिशवीत घालून दिले होते. आता ते जेवणाच्या टेबलावर असतात. वहिनी एकेक त्याच्या हातात देते. चामड्याची आतली आणि बाहेरची बाजू, अल्कांताराची लव सरळ आणि उलटी, चौकडीचं कापड, तीन जाडीचे तीन धागे. ती वहीत बरोबर-चूक लिहिते. आकडे मी विचारत नाही. औषधानं नेलेलं पोत परत देतील असं कोणी सांगितलेलं नाही, आणि आम्हीही तसं म्हणत नाही.

या दिवाळीत मी त्याच्या शेजारी बसून लोणावळ्यापर्यंत गेले. उंबरठ्यावरची फिल्म ओरखडली आहे, तिचं ते कामच. शिसवीची मूठ तळव्याखाली काळपट, तुकतुकीत झाली आहे, बाकीची तशीच तांबूस. स्टीअरिंगवर डाव्या अंगठ्याच्या जागी पांढरा धागा मळून राखाडी झाला आहे, सात-आठ टाके. गाडी विकायला काढली तर घेणारा या जागांवर बोट ठेवून भाव पाडेल. वहिनीला ते ठाऊक आहे. ती आठवड्याला स्टीअरिंग पुसते आणि ते टाके जरा हलक्या हातानं पुसते.

घाट उतरताना दादा म्हणाला, “वरून तिसरा टाका सैल झालाय. चाचांना दाखवायला हवा.”

त्याला ते दिसलं की लागलं, मी विचारलं नाही. परत आल्यावर त्याच आठवड्यात तो टाका घालून आणला.